मदत हवी आहे: लोवेलच्या गिरणी-मुलींचं ऐकून घेतलं, मग कायदा का नाही केला?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या गिरणी-मुलींवर बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. वाचन बऱ्यापैकी झालं, पण एका जागी गाडी अडलीय.

मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल. कापडगिरण्यांचं गाव, कामाला बहुतेक शेतकऱ्यांच्या तरण्या मुली. राहायचं कंपनीच्या खानावळवजा घरांत, उठायचं घंटेवर, दिवस बारा-तेरा तासांचा. १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून आणि १८३६ मध्ये खानावळीचे पैसे वाढवले म्हणून त्यांनी काम टाकलं. पुढे गिरणीतच काम करणाऱ्या सारा बॅग्ली वगैरे मंडळींनी दहा तासांच्या दिवसाची मागणी धरली. दोन हजारांवर सह्या विधिमंडळाकडे गेल्या आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये समितीने चक्क बायकांच्या साक्षी घेतल्या! एलायझा हेमिंगवेच्या साक्षीपाशी मी थबकलेच. तिच्या खात्यात दीडशेच्या आसपास माणसं, आणि संध्याकाळचं काम असलं की २९३ लहान नि ६१ मोठे दिवे पेटलेले. त्या हवेत श्वास कसा घेत असतील?

तास कमी असते तर बरं, जेवणाची सुट्टी मोठी हवी, हे समितीने अहवालात स्वतःच कबूल केलंय. तरी म्हणते, उपाय आमच्या हाती नाही. हे निव्वळ मालकधार्जिणेपण, की आणखी काही?

आणि एक बारीक शंका. ‘ओव्हरसिअर’ला, म्हणजे खात्यावर देखरेख करणाऱ्याला, आपल्या गिरण्यांतल्यासारखं जॉबर म्हणू का? आजोबा गिरणीच्या साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते, तोच शब्द तोंडात येतो.

प्रतिसाद १

मालकधार्जिणेपण होतंच. लोवेलला पाहणीला गेलेली समिती झाडं नि हिरवळ बघून खूश होऊन परतली. पण कारणंही दिली होती: एकट्या मॅसॅच्युसेट्सने तास घटवले तर शेजारच्या राज्यांपुढे इथल्या गिरण्या टिकणार नाहीत; आणि तास-मजुरी हा मालक-मजुरांचा आपसातला करार, सरकारने त्यात पडू नये. हा ‘करार’ शब्दच खरी मेख. १८४७ मध्ये न्यू हॅम्पशायरने दहा तासांचा कायदा केला, पण मजुराने जास्त तासांचा करार केला तर चालेल अशी पळवाटही ठेवली. मग काय, सही कर नाहीतर घरी जा. मॅसॅच्युसेट्सला बायका-मुलांपुरता कायदा करायला १८७४ उजाडलं.

शूलरला विसरू नका. समितीचा अध्यक्ष, लोवेलचाच वृत्तपत्रवाला. मुलींना मत नव्हतं, तरी त्यांनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि १८४५ च्याच निवडणुकीत तो पडला.

जॉबर मात्र नको. आपला जॉबर भरतीही करायचा, वेळेला उसनेही द्यायचा. लोवेलचा ओव्हरसिअर म्हणजे एका खात्याचा पगारी प्रमुख.

धागाकर्ती

आभार! ‘खातेप्रमुख’ लिहिते. आणि सुरुवात आता दिव्यांऐवजी शूलरपासून करते.