"वरून ऑर्डर होती" हे कारण ज्यू धर्मात चालतं का?

गप्पिष्ट_नाना: धर्म म्हणजे नुसतं आज्ञापालन, स्वतःची बुद्धी वापरायची सोयच नाही, असं इथे कोणी ना कोणी लिहीतच असतं म्हणून हा धागा. तालमूद म्हणजे ज्यूंच्या धर्मकायद्याचा जुना ग्रंथ, त्याच्या किद्दुशीन भागात सरळ नियम आहे की पापाच्या कामाला एजंट नसतो. मी तुम्हाला चोरी करायला पाठवलं आणि तुम्ही केलीत तर दोषी तुम्ही, कारण देव नको म्हणतोय आणि नाना कर म्हणतोय तर कोणाचं ऐकायचं हे तुम्हाला कळायला हवं होतं. सान्हेद्रिन भागात तर एक जण रब्बीकडे, म्हणजे ज्यू धर्मपंडिताकडे, येऊन सांगतो, गावच्या अधिकाऱ्याने हुकूम दिलाय, अमक्याला मार नाहीतर तुला मारतो. रब्बी म्हणतो, तू मर पण त्याला मारू नकोस, तुझंच रक्त जास्त लाल आहे हे कोणी सांगितलं?

कडू_कारलं: नाना, यात विवेक कुठे आला? एका माणसाच्या हुकमाऐवजी देवाचा हुकूम पाळला इतकंच. खरा विवेक वापरणाऱ्याचं काय होतं तेही सांगा की. रब्बी एलिएझर एका भट्टीच्या शुद्धतेवरून एकटा सगळ्यांच्या विरोधात उभा राहतो, त्याच्या बाजूने झाड उपटून लांब जाऊन पडतं, पाणी उलटं वाहतं, आकाशवाणी होते, तरी बाकीचे म्हणतात कायदा आता स्वर्गात नाही, बहुमत आमचं. वर त्याला बहिष्कृत करतात! आणि ज्यूंच्या प्राचीन सर्वोच्च न्यायसभेच्या विरोधात निवाडा देत राहणाऱ्या ज्येष्ठ पंडिताला तर मृत्युदंड.

पोथीवाली: कारलं, अर्धवट सांगताय. त्या ज्येष्ठाने आपलं मत शिकवत राहिलं तरी चालतं, शिक्षा कधी, तर लोकांना तसं वागायला सांगितलं तर. आणि होरायोत भागाची सुरुवातच बघा. न्यायसभेने चुकून चुकीचा निर्णय दिला आणि साध्या माणसाने तो पाळला तर तो सुटतो, पण निवाडा द्यायच्या लायकीच्या शिष्याला चूक कळलेली असताना त्यानेही मान खाली घालून तेच केलं तर तो दोषी. जितकं कळतं तितकी जबाबदारी जास्त, याला विवेक नाही तर काय म्हणायचं?

कडू_कारलं: म्हणजे विद्वानांनाच परवानगी. साध्या माणसाने गप्प बसायचं.

पोथीवाली: साध्या माणसाला एजंटवाला नियम लागू आहेच की, खून-चोरी कळायला काय पंडित असावं लागतं?

टेकडीवरचा: तुम्ही दोघं फक्त एकट्या माणसाबद्दल बोलताय. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, पापांची कबुली "आम्ही" म्हणून देतात, न केलेल्या पापांचीसुद्धा. आणि शब्बात भागात आहे की गावाला अडवू शकत होतास आणि अडवलं नाहीस तर गावाचं पाप तुझ्याही खात्यावर. मला हे जास्त जड वाटतं, नुसते हात स्वच्छ ठेवून सुटका नाही.

कडू_कारलं: सगळं कागदावर. 29 ऑक्टोबर 1956, इस्रायलमधलं कफर कासिम हे अरब गाव. संचारबंदीची वेळ अचानक बदलली, शेतातून घरी परतणाऱ्या अरबांना ते माहीतच नाही आणि इस्रायली सीमा पोलिसांनी चाळीसच्या वर माणसं मारली, बायका-मुलांसकट. बचाव काय, तर वरून ऑर्डर होती.

गप्पिष्ट_नाना: आणि न्यायाधीश हालेवीने तो बचाव फेटाळला ना! काही हुकमांवर काळा झेंडा फडकत असतो, तो दिसायलाच हवा, असं निकालात आहे.

कडू_कारलं: फेटाळला, पण सेक्युलर कायद्याने. शिवाय दोषी ठरलेले थोड्याच वर्षांत बाहेर आले आणि ब्रिगेडचा कमांडर शादमी याला दंड किती, तर एक ग्रुश, म्हणजे चिल्लर. पाठवणारा जवळपास सुटलाच, तुमच्या एजंटवाल्या नियमाची ही दुसरी बाजू, नाना.

पोथीवाली: नाही हो, पाठवणारा माणसांच्या कोर्टात सुटला तरी देवाच्या दरबारात दोषी राहतो असं तालमूद तिथेच म्हणतं.

कडू_कारलं: त्या दरबाराची तारीख कळवा मग.