पगार थकवणाऱ्या विमान कंपनीत वैमानिकांनी कपात मान्य करावी का?

पार्लेकर:
माझी भाची एका लहान विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. दोन महिने पगार अर्धाच जमा होतो आहे. आता व्यवस्थापनाने वर्षभरासाठी पंचवीस टक्के कपातीचा प्रस्ताव ठेवला आहे. ज्येष्ठ कॅप्टन मंडळींचे म्हणणे असे की, जेट एअरवेजच्या वैमानिकांनी कपात नाकारली आणि पुढे कंपनीच बंद पडली, तेव्हा या वेळी ताणू नये. टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या परवान्याच्या) कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या तरुणांना ते पटत नाही. अशा काळात वैमानिकांच्या हाती नेमके काय असते?

निवृत्त कमांडर:
जेटचा दाखला अर्धवट दिला जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये वैमानिकांनी कपात नाकारली हे खरे; पण महागलेले इंधन, घसरलेला रुपया, स्वस्त तिकिटांची स्पर्धा आणि एअर सहारा ही विमान कंपनी विकत घेतल्यापासूनचा कर्जाचा बोजा पाहता, त्या कपातीने कंपनी तरली असती असे मला वाटत नाही. शिवाय पुढे जानेवारी २०१९ पासून पगार मिळत नसतानाही हेच वैमानिक विमाने उडवत राहिले. २५ मार्चला जेटचे संस्थापक नरेश गोयल संचालक मंडळावरून पायउतार झाले, बँकांनी दीड हजार कोटींच्या तातडीच्या निधीची तयारी दाखवली आणि त्या भरवशावर वैमानिकांच्या संघटनेने ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ हा इशारा दोनदा पुढे ढकलला. निधी आलाच नाही. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान शेवटचे ठरले.

याउलट सप्टेंबर २००९ आठवा. संघटना काढल्याबद्दल सहकाऱ्यांना बडतर्फ केले म्हणून जेटच्या शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. पाच दिवसांत व्यवस्थापनाने नमते घेतले, कारण तेव्हा जमिनीवर थांबलेले प्रत्येक विमान कंपनीचा रोजचा गल्ला बुडवत होते. गल्लाच रिकामा झाला की संपाचा धाक उरत नाही.

कायदेकानू:
कमांडरसाहेबांशी सहमत आहे, पण रजेच्या मार्गाबाबत सावध करतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानली जाते, आणि संपासाठी आधी नोटीस द्यावी लागते.

भाचीने खरे लक्ष द्यावे ते कंपनी बुडाल्यास कोणाचे पैसे आधी मिळतात या रांगेकडे. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद केली गेली, तर नादारी (दिवाळखोरी) संहितेच्या कलम ५३ प्रमाणे ‘कामगारां’ची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते, इतर कर्मचाऱ्यांची मात्र बाराच महिन्यांची, आणि तीही त्यांच्यानंतर. वैमानिक यांपैकी कोणत्या गटात बसतो यावर वाद घालता येतो, आणि तो घातला जातोच. भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी या वाटपाबाहेर राहतात. जेटच्या कर्मचाऱ्यांना याच मुद्द्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणात दिलासा मिळाला. परंतु कंपनी पुन्हा उभी राहिलीच नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. बंद पडल्यापासून साडेपाच वर्षे!

हिशेबनीस:
दुसरी बाजूही मांडतो. विमानांचे भाडे डॉलरमध्ये ठरलेले, इंधनाचा दर कंपनीच्या हातात नाही. त्यामुळे व्यवस्थापनाची कात्री पगारावरच आधी चालते, आणि तिच्यामागे दरवेळी कपटच असते असे नाही. मात्र कपातीचा आकडा टक्क्यांत वाचू नये. २०२४ मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीने वैमानिकांशी केलेल्या नव्या करारात हमीच्या वेतनाचे तास (उड्डाण कमी झाले तरी ज्यांचा पगार मिळतोच असे महिन्याचे तास) ७० वरून ४० वर आणले गेले, तेव्हा मूळ दर शाबूत दिसत असूनही फर्स्ट ऑफिसरांना मोठा फटका बसणार होता, आणि रोस्टर (वैमानिकांच्या पाळ्यांचे वेळापत्रक) कोलमडून कंपनीला उड्डाणे कमी करावी लागली.

पार्लेकर:
तासांचा मुद्दा भाचीला विचारला. हमीचे तास किती राहणार याचा प्रस्तावात उल्लेखच नाही. तिने निधीचे पासबुकही उघडून पाहिले: पगारपत्रकात वजावट दिसते, पण गेल्या तीन महिन्यांचा भरणा नाही.

कायदेकानू:
मग कपातीची चर्चा तिथेच थांबवावी. वजावट करून ती न भरणे हा गुन्हा आहे. त्याची लेखी तक्रार निधी कार्यालयाकडे आजच करावी. भरणा झाल्यानंतरच कपातीवर बोलावे, आणि तेव्हाही मुदत, परतफेडीची तारीख व हमीचे तास हे तिन्ही कागदावर घ्यावेत.

निवृत्त कमांडर:
आणि राजीनाम्याचा विचार असेल तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम वाचावा. फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. नोटीसकाळात कंपनीने पगार कमी केला तर मुदतीआधी मुक्त करण्याची मागणी करता येते. रेटिंग आणि सिम्युलेटर चाचणीची मुदत मात्र संपू देऊ नये, कारण ती संपलेल्या वैमानिकाला दुसरी कंपनी चटकन घेत नाही.