तुमची लाडकी बिअर कोणती, आणि ती कुठे भेटली?

खारेदाणे
कॉलेजात असताना, २००४ ची गोष्ट, स्वारगेटजवळच्या एका परमिट रूममध्ये तिघांत मिळून एक स्ट्राँग घ्यायचो, ६५० मिलीची बाटली, गारवा नावालाच, आणि वाटीतले खारे दाणे फुकट म्हणून दोनदा मागायचो. चव? काढा परवडला. बिअर म्हणजे नाक धरून प्यायची वस्तू असंच वाटायचं. मग २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढे कधीतरी मित्राने तिथे हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर पाजली. गढूळ, उसाच्या रसासारखी, आणि वास चक्क पिकलेल्या केळ्याचा! वेटरला विचारलं, यात केळं घातलंय का हो? तो हसून म्हणाला, सर केळं नाही, यीस्टचा वास आहे, जरा थांबा लवंगपण येईल. आली की! तेव्हापासून गव्हाचीच.
तर मंडळी, तुमची सांगा. ब्रँडवरून मारामारी नको, आणि २१ च्या खालच्यांनी नुसतं वाचा.

रंकाळा
आमच्याकडं माइल्ड मागितली की दुकानदार विचारतोय, पाव्हणं आलंय काय? स्ट्राँग थंडगार, सोबत सुक्कं मटण, विषय कट. केळ्याचा वास पायजे तर केळं खातो की.

ऱ्हाइनकाठ
जर्मनीत कोलोनला सहा वर्षं झाली, त्यामुळे इथलीच क्योल्श बिअर. पहिल्या दिवशी माझी फजिती झाली ती सांगतो. इथे बिअर २०० मिलीच्या उभट, काचेच्या नळीसारख्या ग्लासात येते, म्हटलं हे काय चहाचं कटिंग! दोन घोटांत संपवला तर वेटरने न विचारता दुसरा ठेवला आणि ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारली. तोही संपवला, तिसरा हजर. मला वाटलं आग्रह चाललाय, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढतात तसा, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून पीत राहिलो, आठ रेघा झाल्या. शेवटी शेजारच्या आजोबांनी माझा पुठ्ठा उचलून ग्लासवर झाकण ठेवला तेव्हा कुठे थांबलं. तीच खूण असते म्हणे, पानावर आडवा हात धरतो तसं. बाकी बिअर हलकी, स्वच्छ, ग्लास छोटा त्यामुळे शेवटपर्यंत गार. फक्त इथे बसून शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहराची आल्टबिअर मागू नका, सदाशिव पेठेत मुंबईच्या मिसळीचं कौतुक केल्यासारखं होतं.

काळीपिशवी
नाशिक. मला बेल्जियन विट, म्हणजे तिकडची गव्हाची बिअर आवडते, त्यात धणे आणि संत्र्याची साल असते हे कळल्यावर आईसुद्धा म्हणाली, मग औषधीच की. पण बिअर शॉपीत बाई गेली की रांग आपोआप दुभंगते, काउंटरवरचा दादा नजर न मिळवता पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो, जणू मी बॉम्ब नेतेय. आता तो ओळखतो, पण पेपर काही सोडत नाही.

रवाबांगडा
गोवा, किंग्ज, तव्यावरचा बांगडा. बास. एक सांगतो, हिरव्या बाटलीतली कुठलीही बिअर उन्हात ठेवू नका, ऊन हॉप्सला, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या अर्काला लागलं की कुबट वास सुटतो. शॅकवाला फ्रीजऐवजी मागच्या क्रेटमधून काढत असेल तर परत करा.

तळघर
न्यू जर्सी. माझी लाडकी म्हणजे स्वतः केलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर घातलेली कडवट बिअर. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यामुळे घरी करायला मोकळीक मिळाली. पहिल्या खेपेला बाटल्या भरताना साखर घालायची असते, म्हणजे उरलेलं यीस्ट ती खाऊन फेस तयार करतं, पाच गॅलनला पाऊण कप पुरते. मी आपला अंदाजपंचे दीड कप घातली. दहाव्या दिवशी रात्री दोनला बेसमेंटमध्ये धाडकन आवाज, मग आणखी एक, मग लाइनच लागली, सासूबाई भारतातून आलेल्या, त्या लाटणं घेऊन जिन्यात उभ्या. सकाळी छतातून काचा काढत होतो. अकरा बाटल्या वाचल्या, त्या गॉगल लावून, टॉवेल गुंडाळून उघडल्या.

रंकाळा
@तळघर, मामींनी चव घेतली का न्हाई?

तळघर
घेतली. म्हणाल्या, पपनसाच्या सालीचा वास येतोय रे. हॉप्स कॅस्केड जातीचे होते, पाकिटावर ग्रेपफ्रूटच लिहिलेलं.