हरकत लेखी द्या, पोच घ्या
वर एकांनी लिहिलंय की नगरपालिकेसारख्या संस्थेच्या सभेत हरकतीचा मुद्दा (कामकाज नियमाला धरून नाही, अशी तिथल्या तिथे घेतलेली हरकत) फक्त सदस्यच मांडू शकतो, नागरिकांनी गप्प ऐकायचं. पहिलं बहुतेक ठिकाणी खरं आहे. गप्प बसायचं मात्र मला अजिबात पटत नाही. नागरिकांना बोलायला वेळ ठेवला असेल तर तेव्हा बोला, नाहीतर त्याच दिवशी लेखी हरकत देऊन पोच घ्या. 'सगळं बेकायदेशीर चाललंय' असं मोघम नको. विषयपत्रिकेत नसलेला विषय ऐनवेळी घेतला किंवा गणपूर्ती (सभेला लागणारी किमान सदस्यसंख्या) नव्हती, जे असेल ते नेमकं लिहा, नियमाच्या क्रमांकासह. मी तर डोकी मोजून वहीत टिपते: ७ वाजून ४० मिनिटं, मतदान सुरू, सदस्य ५. पुढे दाद मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, तेव्हाच हरकत का घेतली नाही?