सिंगल शॉट .२२ रायफल : पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते, एक्स्ट्रॅक्टरमध्ये बदल करावा का?

वागळेचा_फिटर (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची बीएसएची जुनी मार्टिनी रायफल वारसाहक्काने बायकोच्या नावावर आली आहे. .२२ बोअर, एका वेळी एकच गोळी. परवाना तिचा, नेमही तिचाच चांगला. मी आपला बॅग उचलणारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधी सासरे या रायफलने मुरबाडकडे ससे-तितर मारायचे. आता ही रेंजवर कागद फोडते.

त्रास असा : गोळी झाडून लिव्हर खाली ओढली की पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं) दोन-तीन मिलिमीटर बाहेर येते आणि तिथेच ठाण मांडते. मग नखाने उपसा. नख नाही पोचलं तर पुढून गज घालून ढकला. सुरुवातीच्या गोळ्यांना जरा बरं असतं, रायफल तापली की जवळजवळ प्रत्येक पुंगळी अडते. बाजूच्या लेनवाले एव्हाना आमच्याकडे बघून हसतात.

मी टूलरूमचा माणूस. डोक्यात बेत असा आहे : एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणारा भाग) दोन्ही बोटांवर वेल्ड भरून टोकं पुन्हा धारदार करायची, बॅरलमधली त्याची खाच अर्धा मिलिमीटर रुंद करायची म्हणजे रिमला (पुंगळीच्या बुडाची कडा) पकड जास्त मिळेल, आणि खाली एक स्प्रिंग बसवायची म्हणजे पुंगळी नुसती सरकणार नाही, उडेल. काम एका संध्याकाळचं आहे. कोणी असं केलंय का? स्प्रिंगला किती जाडीची तार घेऊ?

मानसी_नेरूळ

दादा, तारेचं नंतर बघू. लिव्हर कशी ओढतात वहिनी? मार्टिनीत ब्लॉक (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) पुढून खाली झुकतो आणि शेवटच्या टप्प्यात एक्स्ट्रॅक्टरच्या खालच्या पायावर आपटतो. त्या आपटण्यावरच पुंगळी उडते, वेगळा इजेक्टर नसतोच. जपून, हळूहळू ओढली तर ती फक्त सरकणार. आमच्या रेंजवर एक काका आहेत, त्यांची मार्टिनी पुंगळी खांद्यावरून मागे फेकते, कारण ते लिव्हरला बिनधास्त झटका देतात.

दुसरं म्हणजे काडतूस कुठलं वापरता? .२२ च्या शिशावर मेणाचं किंवा ग्रीजचं पुट असतं. ते चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) पुढच्या टोकाला साठतं आणि त्याचं कडं तयार होतं. तापल्यावर जास्त अडतं म्हणताय, म्हणून विचारलं.

वागळेचा_फिटर

झटका देऊन पाहिला. थोडा फरक पडतो, पण हिला वाटतं पिन तुटेल. काडतुसं दोन प्रकारची वापरून झाली, दोन्हींचं तेच.

जुना_आर्मरर (कळवा)

फिटरसाहेब, आधी कानस खाली ठेवा.

मी फौजेत ईएमईमध्ये (लष्कराची यंत्रदुरुस्तीची शाखा) आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आता कळव्याला खाडीकडे तोंड करून बसलेला असतो. तुमच्यासारखे हुशार हात मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांनी सुधारलेली हत्यारं दुरुस्तही केलीत. बेत कागदावर छान आहे. फक्त औषध चुकीच्या अवयवाला चाललंय.

एक रिकामी पुंगळी भिंगाखाली धरा. रिमवर दोन बारीक चावे दिसले तर एक्स्ट्रॅक्टर धरतोय, जोरही लावतोय, आणि पुंगळीच आत चिकटलीय. रिम कोरी असेल आणि गजाने नुसतं टोचल्यावर पुंगळी टपकन सुटत असेल, तर बोटं झिजलीत. तुमची पुंगळी बाहेर यायला निघते आणि वाटेत अडते. पैज लावतो, चावे दिसतील.

आता कारण. गोळी सुटताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि दाब उतरला की पुन्हा आकसतं. भिंत गुळगुळीत असेल तर सुटतं. भिंतीला खड्डे, मळ किंवा बर (धातूचा उठलेला बारीक काठ) असेल तर पितळ त्यात रुतून बसतं, पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं. बोल्ट रायफलीत मूठ वर उचलताना तिरक्या खाचेचा रेटा मिळतो आणि पुंगळी आधी सैल होते, मग मागे येते. मार्टिनीत ती सोय नाही. एकच फटका, तोही शेवटी. म्हणून बोल्ट रायफल जेवढा मळ पचवते तेवढा ही पचवत नाही.

हे दुखणं या घराण्यात पहिल्यापासून आहे. १८७१ साली ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री घेतली तेव्हा तिची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. १८८५ च्या सुदान मोहिमेत वाळू आणि उष्णता यांनी ती चेंबरमध्ये इतकी अडायची की बूड निघून हातात यायचं आणि नळकांडं आतच राहायचं. पुढच्या मॉडेलला त्यांनी लिव्हर लांब केली, म्हणजे तुमच्यासारखाच जोर वाढवला. पण खरा उतारा पडला तो अखंड पितळी पुंगळी आल्यावर.

तुमच्या तीन बेतांबद्दल. वेल्ड मारलंत की एक्स्ट्रॅक्टरचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरणार, हे मी टूलरूमवाल्याला सांगायला नको. धार जास्त केलीत तर ती रिम फाडून एकटीच बाहेर येईल. स्प्रिंग बसवलीत तर चिकटलेली पुंगळी तशीच चिकटलेली राहील, वर स्प्रिंगचा ताण लिव्हरवर येईल तो वेगळा. आणि बॅरलची खाच रुंद करायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. .२२ मध्ये पेटणारा मसाला रिमच्या पोकळीत असतो, म्हणून ते पितळ मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. खाच वाढवली की तेवढी रिम आधाराशिवाय उघडी पडते. तिथे फुटली तर गरम वायू आणि पितळेचे कण मागे येतात, आणि मागे डोळा कोणाचा असतो? वहिनींचा.

त्यापेक्षा हे करा. रायफल रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघा. मग कान साफ करायची कापसाची काडी घ्या, चेंबरच्या तोंडाशी घाला, आणि आतून बाहेर ओढत कडेवर सावकाश गोल फिरवा. एकाच जागी धागा अडकला तर तिथे बर आहे. .२२ मध्ये चेंबर रिकामं ठेवून घोडा सोडला की काडतुसावर आपटणारी पिन थेट बॅरलच्या कडेवर आदळते. वर्षानुवर्षं तसं झालं की तिथलं लोखंड दबून आतल्या बाजूला ढकललं जातं. केसाएवढं असतं, पण पुंगळीला तेवढं पुरतं. सगळीकडेच खरखर लागली तर खड्डे. जुन्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचं मीठ आत राहतं आणि हवेतली ओल ओढतं. ठाण्याची हवा तुम्हाला माहीत आहे.

आणि मळ. मार्टिनीत मागून सरळ गज जात नाही, म्हणून लोक तोंडाकडून साफ करतात आणि सगळा कचरा चेंबरकडे ढकलून वर तेल ओततात. ब्रॉंझचा आखूड ब्रश वाकड्या दांड्यावर लावा, सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि चेंबरमध्ये फिरवा. नंतर कोरडं पुसा. चेंबरमध्ये तेल ठेवून गोळी झाडायची नाही.

ॲडव्होकेट_ऐरोली

काकांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर दुरुस्ती आणि रूपांतरही येतं. त्याला वेगळा परवाना लागतो. बाळगायच्या परवान्यात तो धरलेला नाही. शिवाय परवाना वहिनींच्या नावावर. रायफल वागळे इस्टेटमधल्या तुमच्या बाकावर आणि वहिनी घरी, हे चित्र कोणी पाहिलं तर कलम ५ बाजूलाच राहील, आधी कलम ३ (परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं) निघेल. साफसफाई त्यांनी स्वतः करावी. त्यापुढचं काम परवानाधारक गनस्मिथकडे त्यांनीच घेऊन जावं आणि पावती घ्यावी.

वागळेचा_फिटर

काका, पैज जिंकलात. रिमवर दोन्ही बाजूंना स्वच्छ चावे आहेत.

कापसाची काडी बायकोनेच फिरवली. बाकी कडेवर काही नाही, एका जागी धागा दर वेळी अडकला. भिंगातून पाहिलं तर पिनच्या आकाराची लांबट खळगी, आणि तिच्या आतल्या बाजूला चमकणारी बारीक ओठासारखी उंची. झाडलेल्या पुंगळीवरही नेमका तिथेच लांब ओरखडा. मग उलगडा झाला. सासऱ्यांकडे खंडेनवमीला रायफल पूजेला काढत. हळदकुंकू झालं की वाड्यातल्या प्रत्येक पोराला एकदा घोडा दाबायला मिळायचा, रिकाम्यावर. ही म्हणते तिचा नंबर नेहमी पहिला असायचा.

रायफल तिने गनस्मिथकडे नेली, मी सोबत होतो. मला वाटलं रीमर (भोक खरवडून मोठं करायचं हत्यार) काढतील. त्यांनी एक निमुळता, आरशासारखा पॉलिश केलेला पोलादी रॉड काढला, चेंबरमध्ये घातला आणि त्या जागेवर दाबत-फिरवत राहिले. धातू काढला नाही, आत आलेला होता तो परत बाहेर दाबला. मी आयुष्यभर मटेरियल काढून पैसे मिळवले, त्यामुळे बघताना हात शिवशिवत होते. चेंबरमधून मेणाचं काळं कडंही निघालं, म्हणजे मानसीताईंचंही बरोबर होतं. एक्स्ट्रॅक्टरला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, अजून भरपूर आयुष्य आहे.

आता लिव्हर नेहमीसारखी ओढली तरी पुंगळी ब्लॉकवरून घरंगळत बाहेर पडते. झटका दिला तर उडते. पहिल्याच दिवशी एक माझ्या शर्टच्या कॉलरमध्ये गेली. गरम असते हो.

जुना_आर्मरर

छान. आता येत्या खंडेनवमीआधी .२२ ची स्नॅप कॅप (पिनला आधार देणारं खोटं काडतूस) आणा. नाहीच मिळाली तर झाडलेली पुंगळी घालून घोडा दाबा, पण दर वेळी थोडी फिरवून, कारण जुन्या खळगीवर पिन पडली तर आधार मिळत नाही.

मानसी_नेरूळ

आणि वहिनींना विचारा, रविवारी सकाळच्या लेनला येतात का. मला ती मार्टिनी एकदा हातात घेऊन बघायचीय.