ऑफिसात प्रत्येकाला स्वतंत्र नेटवर्क ड्राइव्ह द्यावा का?

नेटवर्ककर (धागाकर्ता)
नवीन फाइल सर्व्हर येतोय आणि त्यावरून आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत. काहींना वाटतं, प्रत्येक युजरला त्याचा स्वतःचा एच ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरची खासगी जागा, मिळावा. बाकीचे म्हणतात, विभागांचे सामायिक फोल्डर पुरेत. मी पहिल्या बाजूचा. कच्चे मसुदे, अर्धवट एक्सेल, स्वतःची टिपणं माणूस कुठेतरी ठेवणारच. जागा दिली नाही तर ती डेस्कटॉपवर जातात, आणि तिथला बॅकअप सहसा कोणी घेत नाही. सर्व्हरवर शॅडो कॉपी (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठरावीक वेळाने जपणारी सोय) चालू असेल, तर फाइलची कालची आवृत्ती युजर स्वतः राइट क्लिक करून परत आणू शकतो, आयटीला फोन करावा लागत नाही.

सेटअपही सोपा आहे. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेला एक लपवलेला शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर, बनवायचा. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातल्या सगळ्या युजर-खात्यांची विंडोजची नोंदवही) युजरच्या प्रोफाइल टॅबवर होम फोल्डरचा पाथ द्यायचा, त्यात नावाच्या जागी %युजरनेम%. फोल्डर आपोआप बनतो, परमिशनही आपोआप दिली जाते.

हिशेबनीस
असहमत. मी आयटीत नाही, पण त्रास आम्हाला होतो. ऐन ऑडिटच्या वेळी माणूस रजेवर आणि ताळ्याची शेवटची फाइल त्याच्या एच ड्राइव्हमध्ये. आम्हाला उघडता येत नाही, आयटी म्हणते लेखी परवानगी आणा. कामाची फाइल ऑफिसची असते. ती एकाच माणसाच्या कुलपात ठेवायची सोय ऑफिसनेच का करून द्यावी?

अर्धाबाइट
धागाकर्त्याशी सहमत, पण ‘परमिशनही आपोआप दिली जाते’ हे इतक्या सहज सोडू नका. तो टॅब युजरला त्याच्या फोल्डरवर फुल कंट्रोल देतो. म्हणजे युजर परमिशन बदलू शकतो, शेजाऱ्याला आत घेऊ शकतो, ॲडमिनला बाहेर काढू शकतो. मॉडिफाय, म्हणजे फाइल वाचण्या-बदलण्या-काढण्याची मुभा, पुरेसं असतं. शेअरवरही त्याच तोडीची चेंज परमिशनच ठेवा, म्हणजे नेटवर्कवरून परमिशनला हात लागत नाही. सगळ्यांचे फोल्डर ज्यात बनतात त्या मूळ फोल्डरवरची युजरची परमिशन ‘फक्त हा फोल्डर’ एवढ्यापुरती मर्यादित करा, नाहीतर ती खाली झिरपते आणि सगळे सगळ्यांचं वाचतात. आणखी एक: पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड-स्क्रिप्टने) होम फोल्डर सेट केला तर फोल्डर आपोआप बनत नाही, तो स्क्रिप्टमध्येच बनवावा लागतो. पाथमध्ये सर्व्हरचं नाव थेट घालू नका. डीएफएस नेमस्पेस, म्हणजे सर्व्हर बदलला तरी तोच राहणारा सामायिक पत्ता, वापरा, पुढच्या सर्व्हरबदलात प्रत्येक युजरचा पाथ बदलत बसावं लागणार नाही.

रात्रपाळी
सर्व्हरवरचा फोल्डर एच सारखं अक्षर देऊन ड्राइव्ह म्हणून जोडायलाच (मॅप करायलाच) माझा विरोध आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, असा मॅप केलेला ड्राइव्ह स्थानिक डिस्कसारखाच एन्क्रिप्ट करतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंग पद्धतीच्या) जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरलं, हे विसरू नका. शॅडो कॉपीच्या भरवशावर राहू नका. एका झटक्यात हजारो फाइल बदलल्या की राखीव जागा भरते आणि जुन्या कॉप्या आपोआप उडतात.

नेटवर्ककर
रात्रपाळी, हा धोका खरा आहे, पण तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो. एका युजरचं मशीन बाधित झालं तर वैयक्तिक ड्राइव्हमध्ये फक्त त्याच्या फाइल जातात. सामायिक फोल्डरमध्ये त्याला लिहिता येतं ते सगळं, म्हणजे अख्ख्या विभागाचं काम जातं. वेगळा बॅकअप दोन्हीकडे लागणारच.

दूरस्थ
लॅपटॉप घेऊन बाहेर काम करणाऱ्यांचं काय? व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) नसेल तर एच ड्राइव्हवर लाल फुली. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सरळ वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) वळवा, विषय मिटला.

हिशेबनीस
विषय कसा मिटला? माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं काढलं, की त्याचा वनड्राइव्ह मुळातल्या सेटिंगनुसार ३० दिवसच राहतो. ही मुदत वाढवता येते असं आमच्या आयटीनेच सांगितलं, पण ती कोणीतरी आठवणीने वाढवायला हवी ना? कुलूप तेच, फक्त घर बदललं.

अर्धाबाइट
हिशेबनीस, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण ते ड्राइव्हच्या नाही, धोरणाच्या विरोधात जातं. कोटा लहान ठेवा, ५ जीबीचा हार्ड कोटा (ओलांडताच न येणारी जागेची मर्यादा), म्हणजे कोणी तिथे विभागाचं संग्रहालय उभारत नाही. आउटलुकच्या पीएसटी फाइल (साठवलेले ईमेल) फाइल-स्क्रीनने, म्हणजे ठरावीक प्रकारच्या फाइल रोखणाऱ्या सर्व्हरच्या सोयीने, अडवा, त्या नेटवर्क ड्राइव्हवरून चालवायला मायक्रोसॉफ्टचा सपोर्टच नाही. आणि माणूस सोडून जाताना त्याच्या फोल्डरचा ताबा वरिष्ठाकडे जाईल, हे रुजू होतानाच लेखी घ्या.

हिशेबनीस
सोडून जाण्याचं पटलं. रजेचं नाही. आठवडाभराच्या आजारपणात ताबा कोण मागणार आणि कोण देणार? त्यापेक्षा विभागाच्या फोल्डरमध्येच प्रत्येकाच्या नावाचा मसुदा-फोल्डर ठेवा, विभागप्रमुखाला वाचता येईल असा.

नेटवर्ककर
मग कच्चं लिखाण तिथे कोणी ठेवणार नाही, साहेब बघतील म्हणून. ते परत डेस्कटॉपवर जाईल. लेखा विभागासाठी मात्र तुमची पद्धत वापरून बघायला मी तयार आहे. बाकीच्यांना एच ड्राइव्ह, मॉडिफाय आणि ५ जीबी.