रात्री अकराची कॉफी: बारावीच्या मुलांना ती करून देऊ नये

घंटाळीकर

मुलगी यंदा बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी मुलगा होता. त्याच्या वेळी केलेली चूक पुन्हा करायची नाही म्हणून घरात संध्याकाळी सहानंतर कॉफी बंद केली आहे. गेले पंधरा दिवस त्यावरून धुसफूस चालू आहे. नवरा म्हणतो तू अति करतेस. सासूबाई म्हणतात एका कपाने काय होतंय. लेक म्हणते क्लासमधल्या सगळ्यांच्या आया करून देतात.

मुलाच्या वेळी मीही करून द्यायचे, आणि हौसेने. कपात दोन चमचे साखर, दीड चमचा कॉफी, चार थेंब पाणी, आणि मग फेटत राहायचं, काळपट रंगाचा बदामी होईपर्यंत. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून कपाला फडकं गुंडाळून फेटायचे. पहिला कप साडेदहाला, दुसरा बाराला. जानेवारीत जेईई जवळ आली तसा तिसरा दीडला. आपण मुलासाठी काहीतरी करतोय याचं तेव्हा फार समाधान वाटायचं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी क्लासच्या सराव पेपरातून तो मध्येच उठून बाहेर आला. छातीत धडधडत होतं, हात थरथरत होते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो व्यवस्थित निघाला. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दिवसात कॉफी किती? झोप किती? कॉफी तीन मोठे कप, झोप साडेचार तास. हे मोठ्याने बोलताना माझं मलाच कसंतरी झालं, कारण ते तीनही कप मी माझ्या हाताने दिले होते.

म्हणून माझं मत ठाम आहे. मुलं मागणारच, पण रात्री अकराला गॅस पेटवून कप हातात देणारे आपण असतो, आणि ते आपण थांबवलं पाहिजे.

घणसोलीकर

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. मत मात्र अजिबात पटलं नाही.

माझी बारावी २००८ ची. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत एक खोली, एक स्वयंपाकघर आणि माणसं सात. वडील मार्केटला हमाली करायचे, ते पहाटे निघत. संध्याकाळी सातपासून आजूबाजूच्या घरांचे टीव्ही, मग जेवणं, मग भांडी, मग अंथरुणं. अकराला सगळे आडवे झाले की मी ओट्याच्या कडेला पाट टाकून बसायचो, डोक्यावर झिरोचा नाही तर साठचा बल्ब, आणि त्याच्यावर आईने पुठ्ठा लावलेला, उजेड झोपलेल्यांच्या तोंडावर जाऊ नये म्हणून. अकरा ते दोन. अभ्यास म्हणावा असे तेवढेच तीन तास मला मिळाले.

दूध सकाळच्या चहापुरतंच असायचं. आई झोपायच्या आधी इन्स्टंट कॉफीच्या पुडीची बिनदुधाची कॉफी करून पेल्यावर ताटली झाकून ठेवायची. बाराला ती कोमट झालेली असे. तीच पिऊन मी इंजिनिअर झालो. त्या पेल्याला कुणी चूक म्हटलं की मला लागतं.

मुलाला स्वतःची खोली असेल तर झोपेचं वेळापत्रक मांडता येतं. आमच्याकडे शांतताच रात्री अकराला सुरू व्हायची. कॉफी बंद केली म्हणून जागरण थांबत नाही, फक्त पुस्तकावर डोकं पडायला लागतं.

कळव्याची केमिस्ट

मी बी.फार्म. आहे, दुकानात बसते, म्हणून थोडं शरीराच्या बाजूने.

जागं असताना मेंदूत अडिनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो. तो आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला की झोप येते. कॅफीन त्या जागा अडवतं. अडिनोसीन तयार व्हायचं थांबत नाही, त्याला फक्त बसायला जागा मिळत नाही. कॅफीन उतरलं की ते एकदम बसतं, आणि कॉफीनंतर काही तासांनी मुलं एकदम ढेपाळतात ती त्यामुळे. म्हणजे कॉफीने थकवा जात नाही, तो कळेनासा होतो.

घेतलेल्यातलं अर्धं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक फरक पडतो, कुणाला तीन, कुणाला सात, कारण यकृतातलं ते मोडणारं एन्झाइम प्रत्येकाचं सारख्या वेगाने चालत नाही. अकराला ६० मिलिग्रॅम पोटात गेलं तर पहाटे चारला ३० शिल्लक. मूल अडीचला झोपलं तरी त्याच्या मेंदूला ती झोप पूर्ण लागत नाही.

प्रमाण सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत १५० मिलिलीटरच्या कपात इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५, उकळून-गाळून केलेल्या कॉफीतून ८० ते १२० आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन दिलं आहे. दिवसाची मर्यादा ३००. लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी युरोपची अन्नसुरक्षा संस्था वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम म्हणते, म्हणजे ५० किलोच्या मुलीला दिवसाला १५०. घंटाळीकर ताईंचे दीड-दीड चमच्याचे तीन कप, कॉफीत चिकोरी (भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली नसेल तर, अडीचशेच्या पुढे जातात. घणसोलीकरांचा एक पेला साठच्या आसपास. तुम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही आहात.

आणि ताई, धडधडीचं सगळं खापर कॉफीवर फोडू नका. साडेचार तासांची झोप आणि परीक्षेची भीती, एवढ्यानेही ते होतं.

डिकॉक्शन_नेरूळ

कॉफीलाच आरोपी केलेलं बघवत नाही म्हणून लिहितोय. आमच्या मजल्यावर चार घरं तमिळ, दोन केरळी, दोन मराठी. सकाळी सहाला जिन्यात जो वास येतो त्यावर आमची सोसायटी उठते. पितळी फिल्टर रात्री भरून ठेवायचा, वरच्या भांड्यात पूड हलक्या हाताने दाबायची, उकळतं पाणी घालायचं आणि विसरून जायचं. सकाळी खाली जो अर्क जमलेला असतो, तो दोन चमचे गरम दुधात.

मुद्दा असा की पाकिटावर बघत चला. बऱ्याच इन्स्टंट कॉफ्यांमध्ये तीस टक्के चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफीन नाही. कॉफीतसुद्धा रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिका जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, आणि आपल्या देशात पिकतो तो बहुतांश रोबस्टाच. तेव्हा 'एक कप' म्हणून काही कळत नाही. मुलांना द्यायचीच तर सकाळी द्या, पेपरच्या दिवशीसुद्धा. मी माझ्या दोन्ही मुलांना तशीच दिली. रात्रीची कॉफी मला स्वतःलाही मान्य नाही.

तलावपाळीचे आजोबा

वय ७६. आमच्या लहानपणी घरात पोलसन कॉफीचा डबा असे आणि कॉफी रात्रीचीच असे, पण झोपेसाठी! पातेलंभर दूध, नावाला कॉफी, साखर, आणि वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ. ती प्यायली की डोळे मिटायलाच लागत. मराठी घरातली कॉफी जायफळाशिवाय मला अजून कॉफी वाटत नाही.

अभ्यास पहाटेचा. आम्हाला वडील चारला उठवत. दहाला झोपवा, चारला उठवा, कॉफीचा प्रश्नच उरत नाही.

कासारवडवली

काका, पहाट तुमच्या वेळी शांत होती. आमच्या खिडकीखाली घोडबंदर रोड आहे. रात्रभर कंटेनर जातात आणि वर मेट्रोचं काम. इथे ना रात्र शांत ना पहाट.

वाशी_प्रथमवर्ष

मी गेल्याच वर्षी यातून गेलो आहे, तेव्हा मुलांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

काकू, तुम्ही घरची कॉफी बंद कराल. मग तुमची मुलगी काय करेल ते सांगतो. माझ्या आईनेही बंद केली होती. आम्ही चौघं मित्र क्लास सुटला की खालच्या दुकानातून एनर्जी ड्रिंकचा कॅन घ्यायचो आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीमागे ठेवायचो. २५० मिलिलीटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन. घरच्या कपापेक्षा फार जास्त नाही, मान्य. पण सोबत साखर भरपूर, गार असल्यामुळे दोन मिनिटांत संपतं, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार मुलांसाठी योग्य नाही असं कॅनवर छापावं लागतं. ते आम्ही वाचलं होतं, तरी घेतलं, आणि दुकानदाराने कधी वय विचारलं नाही. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी घालणार, अशी घोषणा २०२४ च्या जुलैत विधान परिषदेत झाली होती. क्लासांजवळ काय करणार?

आईच्या कॉफीत निदान आईला माहीत असतं किती प्यायलो. मला आईने नाही म्हटल्यावर मी तिच्यापासून लपवायला लागलो. त्या वर्षातली मला खटकणारी गोष्ट जागरण नाही, ती आहे.

घंटाळीकर

वाशीच्या मुला, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी उठून लेकीची सॅक उघडायला निघाले होते. उघडली नाही. उद्या तिलाच विचारेन.

घणसोलीकर, तुमच्या आईच्या पेल्याला मी चूक म्हणत नाही. पण एक सांगते. २०१३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी लोकांना झोपायच्या सहा तास आधी कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. सहा तास आधी! आपण मुलांना झोपायच्या दोन तास आधी देतो. आणि दिवसभर जे वाचलं ते पक्कं बसतं झोपेत. मग तीन तास वाचायचं आणि ते बसायची जागाच मोडायची, हे मला आई म्हणून करवत नाही.

घणसोलीकर

त्या प्रयोगात डोस होता ४०० मिलिग्रॅम, मीही वाचलं आहे. म्हणजे केमिस्ट ताईंच्या हिशेबाने इन्स्टंटचे सहा-सात कप एकदम. माझ्या एका पेल्याला तो लावू नका.

पक्कं बसतं झोपेत, मान्य. पण आधी वाचलेलं तर हवं ना? मला रोज दोन पर्याय होते. पेला पिऊन अकरा ते दोन वाचायचं आणि पाच तास झोपायचं, किंवा अकराला झोपायचं आणि काहीच वाचायचं नाही. तुमच्या घरी तिसरा पर्याय आहे, तो तुम्ही जरूर घ्या. पण धाग्याचं शीर्षक सगळ्या आयांना सांगतंय, आणि ते वाचून आमच्या वसाहतीतली एखादी आई पेला झाकून ठेवायचं बंद करेल, याची मला काळजी आहे.

कळव्याची केमिस्ट

दोघांनाही एक राहून गेलेलं, आणि हे माझ्या दुकानात रोज दिसतं. लोहाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या मुलींत बारावी-कॉलेजच्या खूप असतात. गोळी कशाबरोबर घेतेस विचारलं की चहा किंवा कॉफीबरोबर. दोन्हींतल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलंच जात नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको. रात्री साडेनऊला जेवून दहाला कॉफी, म्हणजे पालेभाजीतलं बरंचसं लोह वाया. झोपेबद्दल भांडा, पण मुलींच्या बाबतीत हे आधी सांभाळा.

डिकॉक्शन_नेरूळ

हे माहीत नव्हतं. माझी मोठी जेवणावरच कॉफी घेते. आजच सांगतो.

सीवूड्सची_मावशी

आजोबा, जायफळाचं प्रमाण सांगाल का? कॉफी वगळून नुसतं दुधात दिलं तर चालेल ना? माझी भाची बाराला पुस्तक मिटते आणि तीनपर्यंत तळमळत असते.

तलावपाळीचे आजोबा

चालेल. सहाणेवर दुधाच्या थेंबात चार-पाच वेढे, बोटाला लागेल एवढंच. पेलाभर कोमट दुधात.

कळव्याची केमिस्ट

तेवढंच, मावशी. जास्त घातल्याने जास्त झोप येत नाही. जायफळ चमचाभर पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम होतात. किसणीने किसू नका, अंदाज चुकतो. उगाळूनच घ्या.

घंटाळीकर

घणसोलीकर, शीर्षक बदलायची सोय असती तर 'आपल्याला परवडत असेल तर' असे शब्द घातले असते. ते तुमचं खरं आहे.

माझ्या घरापुरतं सांगते. लेकीशी बोलले. सॅकमध्ये कॅन नव्हता, पण मैत्रिणीच्या घरी दोनदा प्यायली आहे, हे तिने स्वतः सांगितलं. ठरलं असं की क्लासहून आल्यावर साडेपाचला एक कप, तो मी फेटून देणार, एका सपाट चमच्याचा. रात्री नाही. तिने अकराऐवजी दीडपर्यंत जागायची परवानगी मागितली होती, मी साडेबारा म्हटलं आहे. अजून कबूल झालेली नाही.

घणसोलीकर

साडेपाचचा कप मलाही पटतो, ताई. दीड आणि साडेबाराच्या बाबतीत मी तुमच्या लेकीच्या बाजूने आहे.